पंचामृत प्यालेली गिटार

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संजीवनीनं गिटारची खोळ उघडली आणि तिच्या तोंडून निघालं, "अव माय!"

बेस गिटारवर मुंग्या होत्या. एकदोन नव्हे, रांगच्या रांग. वरच्या खुंट्यांपासून निघायची, चारही जाड तारांवरून उतरायची आणि खालच्या पत्र्याच्या फटीत शिरायची. तारांवर हळद, हळदीवर कुंकू आणि त्या सगळ्यावर काहीतरी चिकट, पिवळट, वाळून पापुद्रा धरलेलं. तिनं नखानं खरवडून वास घेतला. दही. मध. साखर!

"आत्याबाई, हिच्यावर काय ओतलं तुमी?"

सासूबाई, म्हणजे गोजरबाई, ओसरीत मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मानही वर न करता म्हणाल्या, "ओतलं कायचं? खंडेनवमीची पूजा केली. पंचामृत वाह्यलं."

"गिटारले पंचामृत?"

"मागच्या साली नुसतं हळदकुंकू वाह्यलं, तं सालभरात सहाच प्रोग्राम आले. म्या म्हटलं, यंदा पोटभर घालू तिले."

आता बोला! वडनेर भोलजीत खंडेनवमीला घरोघर हत्यारं पुजतात. विळे, खुरपी, फवाऱ्याचा पंप, मोटरसायकल, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. गोजरबाईंनी विहिरीवरच्या मोटारीला मात्र लांबूनच फूल फेकलं होतं, कारण ती करंट मारते. गिटार बिचारी करंट मारत नाही, म्हणून तिला न्हाऊमाखू घातलं. बरं, म्हातारीनं केलं ते चांगल्याच मनानं. त्यामुळे तोंड सोडायचीही सोय नाही, आणि संजीवनीला त्याचाच जास्त राग आला.

कारण आज शुक्रवार होता आणि रविवारी खामगावला एका साखरपुड्यात कार्यक्रम होता. त्या कार्यक्रमात संजीवनी उभी राहणार की नाही, ते या चार तारांवर ठरणार होतं.

झालं होतं असं. तिचा नवरा तुळशीराम दोन एकरांत वांगी, मेथी, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर काढतो आणि सीझनमध्ये आपला ऑर्केस्ट्रा चालवतो. गणपती झाल्याबरोबर त्यानं नवा कीबोर्ड आणला. त्यात म्हणे डाव्या हाताला बेससुद्धा वाजतो. पहिले दोन दिवस त्यानं बायकोला हे सांगितलंच नाही. मग एकदा जेवता जेवता म्हणाला, "तू आता आराम कर. गणपतीतली रील टाकली पोट्ट्याइनं. लोक नावं ठिऊन राह्यले. तू पाहू नको, जिवाले लागन."

संजीवनीनं पाहिली नाही. तिच्या फोनमध्ये सकाळचे देवाचे फोटो आणि भावजयीचे मेसेज, याखेरीज काही उघडायची तिला सवयच नव्हती. पण त्या दिवसापासून महिनाभर ती गावात खाली मान घालून चालली. किराणा दुकानात कोणी हसलं की तिला वाटायचं, आपल्यालाच हसलं. पंचेचाळीस वर्षांची बाई, गळ्यात गिटार अडकवून पोरांसमोर उभी राहते, लोक हसणार नाहीत तर काय करतील! असं ती स्वतःलाच बोलायची आणि मग स्वतःवरच चिडायची.

शेवटी काल, दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर, तिनं विचारलंच. "रविवारी मी येऊ का नको?"

तुळशीराम म्हणाला, "तारा नऊ वर्साच्या हायेत. मेल्या त्या. आवाज निघाला तं ये बाप्पा. पण नव्या तारा काई मी आणत नाई. खामगावात चार तारांचा सेट भेटत नाई, अकोल्याले जा लागते."

एवढं बोलून तो झोपला. आणि आज सकाळी वांगी घेऊन नांदुऱ्याच्या बाजाराला गेला. इकडे गिटारला मुंग्या.

संजीवनीनं अंगणात पोतं अंथरलं. एकेक खुंटी सैल करत तारा उतरवल्या, कोणती कुठली ते विसरू नये म्हणून जाडीप्रमाणे ओळीनं ठेवल्या. पेचकसानं पत्रा खोलला तर आत मुंग्यांचा बाजार भरलेला. फुंकर मारली, उन्हात धरली, थोपटली, तेव्हा कुठे त्या हलल्या. मग ओलं फडकं पिळून लाकूड पुसलं, जुन्या टूथब्रशनं पट्टीवरच्या पितळी पडद्यांच्या कडा घासल्या. एका पडद्याखालून साखर निघावी, दुसऱ्याखालून तुळशीचं पान! घासता घासता तिचा पारा चढत होता. आपण एकटीच हे का करतो आहोत? ऑर्केस्ट्रा कोणाचा, पूजा कोणाची आणि मुंग्या कोणाच्या वाट्याला!

पट्टीवर अजून गोल गोल डाग होते. ते टिकल्यांचे. एकवीस वर्षांपूर्वी, लग्नाला वर्ष होत नाही तोच, ऑर्केस्ट्रातला बेसवाला ऐन कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सुरतेला पळाला. तुळशीरामनं नवी नवरी समोर बसवली, तिच्याच पाकिटातल्या टिकल्या काढून पट्टीवर चिकटवल्या आणि म्हणाला, "लाल दिसली की सा, हिरवी दिसली की प. मी मान हालवली की बोट बदल. चार तारा तं हायेत, कोण ऐकते त्याले?" मलकापूरच्या त्या लग्नात संजीवनी डोक्यावर पदर घेऊन, स्पीकरच्या आड, लोकांकडे पाठ करून उभी राहिली होती. नुसत्या टिकल्या पाहिल्या. घामानं हिरवी टिकली निघून पडली तेव्हा अर्धं गाणं तिनं लालवरच काढलं, आणि कोणालाच कळलं नाही.

बोटांना घट्टे पडायला मात्र वेळ लागला नाही, निंदणखुरपणात ते आधीच पडलेले होते. पुढे टिकल्या गेल्या, पदर खांद्यावर आला. मुलाच्या, शिवमच्या वेळी सातवा महिना सरला तेव्हा गिटार पोटावर बसेना, म्हणून ती टेबलावर आडवी टाकून उभ्यानं वाजवली. पोरगा मोठा होऊन पुण्याला नोकरीला लागला, ढोलकीवाले तीन बदलले, गायिका पाच बदलल्या. संजीवनी होती तिथंच उभी. नाव पत्रिकेत कधी छापलं नाही. 'आणि सहकारी' या दोन शब्दांत ती एकवीस वर्षं बसली.

लाकडाला जवसाचं तेल चोळलं तेव्हा गिटार निदान दिसायला माणसात आली. तारांचं मात्र अवघड होतं. चिकटा गेला तरी त्या आतून काळ्या पडल्या होत्या. एक चढवून छेडली तर धप्प असा आवाज, बस्स. खरं म्हणजे बदलायलाच हव्या होत्या. पण आणणार कोण? तिला आठवलं, मागे एका वादकानं सांगितलं होतं, बेसच्या तारा उकळल्या तर काही दिवस जिवंत होतात. तिनं चारही तारांची वेटोळी केली आणि भगोणं चुलीवर ठेवलं.

"दुधाचं भगोणं नको घेऊ!" ओसरीतून आवाज आला.

"नाई घेतलं."

"काय रांधून राह्यली?"

"तारा!"

ओसरीत मेथीची आणखी एक जुडी बांधून झाली. मग, "मीठ टाकलं का?"

संजीवनीनं कपाळावर हात मारून घेतला. पाणी वरणासारखं पिवळं झालं, त्यावर कुंकवाचा लाल तवंग आला. इतक्यात फोन वाजला. नांदुऱ्याची प्रतीक्षा होती, ऑर्केस्ट्रात गाणारी पोरगी.

"काकू, तब्येत कशी आहे आता?"

"मले काय झालं?"

"काका म्हणे तुम्हाला बरं नाही. रविवारी येणार नाही म्हणे. मंग मी विचार केला, साडीचा रंग काकूंना विचारून तरी घ्यावा."

संजीवनीच्या हातातला चिमटा भगोण्यात पडला. म्हणजे काल रात्री 'आवाज निघाला तं ये' म्हणणाऱ्या माणसानं तिला आधीच आजारी पाडून ठेवलं होतं! तारा वाजोत नाहीतर न वाजोत!

"तुमच्याशिवाय कसं होईल हो काकू," प्रतीक्षा म्हणत होती, "त्या रीलमध्ये सगळे तुमचंच तर कौतुक करून राह्यले."

"कायचं कौतुक? लोक हसून राह्यले ना?"

"कोण म्हणते? तुम्ही पाहिलीच नाही का? थांबा, पाठवते."

रील आली. संजीवनी चुलीपाशी उकिडवी बसून पाहू लागली. पुढे तुळशीराम मान उडवत कीबोर्ड बडवतो आहे, मागे ती, निळ्या साडीत, बाजारात भाजी तोलावी इतक्या शांत चेहऱ्यानं. खाली लोकांनी लिहिलं होतं. एकजण, 'मागची काकू एक नंबर.' दुसरा, 'काका सुसाट सुटले, काकूनं ओढून आणलं.' तिसरा, 'काका पुढं जलंब टेसनले पोचले, काकू नांदुऱ्यातच उभी हाय, गाणं बी तिच्यासंगच हाय.' त्यावर शंभरेक लोक हसले होते.

तिनं तीनदा पाहिली. पहिल्यांदा तिला हसू आलं. दुसऱ्यांदा रडू आलं. तिसऱ्यांदा मात्र जो राग आला, तो विचारू नका. महिनाभर! महिनाभर मान खाली घालून चालले मी, या माणसापायी! तिनं तारा बाहेर काढल्या, खसाखसा पुसल्या, उन्हात कडकडीत वाळवल्या आणि रागाच्या भरातच चढवून सुरात लावल्या. स्पीकरला वायर लावून पहिली तार छेडली.

ती स्वतःच दचकली. आवाज स्वच्छ, भरदार आला, ओसरीतले पत्रे थरथरले. तिनं गणपतीतल्या त्याच गाण्याचं कडवं वाजवून पाहिलं. एकेक ठोका जागच्या जागी.

गोजरबाई मेथी सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या. "अव माय, हे तू वाजवतं होय? मले इतके साल वाटे, हे त्या ढोलकीवाल्याचं हाय."

यावर हसावं की डोकं आपटावं, ते संजीवनीला कळेना. तेवढ्यात तुळशीरामची मोटरसायकल अंगणात आली. रिकामे कॅरेट उतरवता उतरवता तो म्हणाला, "वाजली काय? बरी वाजली की."

"मले काय रोग झाला?"

"आं?"

"प्रतीक्षाले सांगितलं ना तुमी. मलेही सांगा, मंग दवाखान्यात जातो मी."

तुळशीरामनं कॅरेट खाली ठेवला. तिनं फोन त्याच्यापुढे धरला. रील सुरू झाली, पण त्यानं पाहिली नाही. त्याला ती पाठ होती.

"लोक हसून राह्यले म्हणे. माह्या जिवाले लागन म्हणे. कोणाले हसून राह्यले हे लोक? बोला ना!"

तो कॅरेट उलटा करून त्यावर बसला. चप्पल काढली, पुन्हा घातली. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "मले."

संजीवनीकडे शिव्यांची रास तयार होती. लग्नापासूनची, एकही विसरलेली नव्हती. पण तो एवढासा होऊन बसला होता, की कुठून सुरुवात करावी तेच तिला सुचेना. त्यामुळे तिला आणखी चीड आली.

"एकवीस साल मले वाटे," तो म्हणाला, "घरची बाई हाय, मी सांभाळून घेतो म्हणून धकून जाते. लोकाइलेही तसंच सांगो मी. अन् आता पोट्टे लिहून राह्यले, म्हणे काकूनं ओढून आणलं."

"म्हणून मले घरी बसवता?"

"चुकलं बाप्पा."

"चुकलं म्हणून होत नाई. अकोल्याले जा अन् नव्या तारा आणा."

"ह्या वाजून राह्यल्या ना आता? घर हालवलं तू!"

"पाणी पाजून उठवलेल्या तारा हायेत ह्या. आठ दिवस वाजतीन. मंग त्या मेल्या, की तुमी पुन्हा मले आजारी पाडसान. नव्याच पाहिजेत मले. अन् आजच."

तुळशीराम उठला. किल्ली खिशातच होती तरी त्यानं ती दोनदा शोधली. गाडीला किक मारली, आणि मग ती चालूच ठेवून मागे वळला.

"संजीवनी, खरं सांगजो. मी लय पुढं पळतो काय व वाजवताना?"

"हाव."

"पहिल्यापासून?"

"मलकापूरच्या लग्नापासून."

"मंग इतके साल बोलली काऊन नाई?"

संजीवनीनं गिटार मांडीवरून खाली ठेवली. आवाज चढवायचं तिच्या मनात होतं, पण चढला नाही.

"मले वाटे, मीच मागं पडतो."