लोखंडात राहिलेला दगड

तळहातावर घेताच त्याचे थंडगार जडपण थेट मनगटात उतरते. उल्केचा हा काप मी प्रयोगशाळेत रोज न्याहाळते. चकाकणारे लोखंड, आणि त्यात घट्ट रुतून बसलेले सिलिकेटचे, म्हणजे आपल्या साध्या दगडाच्याच कुळातले, हिरवट-काळे कण. किती देखणा हा विजोडपणा!

प्रयोगशाळा लोकांसाठी खुली असते त्या दिवशी अब्बांना तो दाखवला. त्यांची हयात फाउंड्रीत ओतीव भाग तपासण्यात गेली. चष्मा कपाळावर सरकवून, अंगठ्याने कण चाचपून ते म्हणाले, “रिजेक्ट. स्लॅग राहिलाय आत.” वितळलेल्या लोखंडावरची मळी काढायची राहिली, असा त्यांचा निवाडा! आकाशातून आलेला मालही परत पाठवणारा माणूस पुण्याखेरीज कुठे सापडणार?

पण त्यांची शंका आम्हालाही छळते. लघुग्रह वितळला की जड लोखंडाने तळ गाठावा, हलक्या दगडाने वर तरंगावे. मग हे कण आत राहिले कसे? कदाचित दोन पिंडांची प्रचंड टक्कर झाली, धातू आणि दगड एकमेकांत घुसळले गेले, आणि विलग व्हायला उसंत मिळण्यापूर्वीच सारे थिजले. उत्पत्तीविषयी मतांतरे पुष्कळ आहेत, वाद अजून मिटलेला नाही.

परतताना विश्रांतवाडीच्या सिग्नलला अब्बांनी तोच नियम मला लावला. अमरावतीहून नोकरीसाठी आलेल्या आकाशशी, एका हिंदू मुलाशी, मी सोमवारी नोंदणी विवाह करणार आहे. “बेटा, ज्याची जागा त्याला. वेगळं ते शेवटी वेगळं होतंच,” ते म्हणाले. मी विचारले, “मग आम्हा दोघांत स्लॅग कोण, अब्बा? तो की मी?” त्यांनी खिडकीची काच वर केली. ते दुष्ट नाहीत, हेच तर दुखते. मोहल्ल्यात मान खाली घालावी लागेल, या भयाने त्यांची झोप उडाली आहे, आणि त्यांच्यावाचून त्या कचेरीत सही करणे मला जड जाणार आहे.

जड तर जड! निसर्गनियमाचा दाखला देऊन माणसांची प्रतवारी करणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की निसर्गाने तुमची परवानगी घेतलेली नाही आणि मीही घेणार नाही.

अब्बा, सोमवारी तुमची खुर्ची मी रिकामी ठेवणार नाही. तिथे आकाशची आई बसेल. यायचे असेल तर उभे राहायची तयारी ठेवून या.