हात झाकू नकोस!

थ्रेस्याम्माच्या पायाला भिंगरी होती. नर्स म्हणून सत्तावीस वर्षं झाली, त्यातली चार कुवेतला. केरळातल्या पाला गावाजवळच्या त्या छोट्या इस्पितळात नव्या पोरी तिला चेची, म्हणजे ताई, म्हणत आणि पाठीमागे कुजबुजत, "चेची स्वर्गात गेली तरी देवदूतांच्या सुया तपासत फिरेल." तिला ते ऐकू येई, पण उत्तर द्यायला ती थांबत नसे.

ही भिरभीर उगाच नव्हती. रक्तदाब कोसळला की जे औषध पंपाने शिरेत सोडतात, ते माणसाला मरणाच्या दारातून ओढून आणतं. पण तेच शिरेबाहेर झिरपलं, तर तिथल्या नसा आवळून कातडीचा रक्तपुरवठा तोडतं. कुवेतला एका बाईचा पंजा तिने काळा पडताना पाहिला होता. तेव्हापासून तिच्या जिवाला स्वस्थता नाही.

सोमवारी तीन नंबरच्या खाटेवर कुंजाच्चन आला. रबराच्या झाडांना चिरा देऊन चीक काढणारा माणूस, उंदरांमुळे होणाऱ्या लेप्टोच्या तापाने मलूल झालेला. सलाईन भरपूर देऊनही रक्तदाब वर येईना. मानेच्या मोठ्या शिरेत नळी घालणारे डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेले, म्हणून तोवर औषध उजव्या हाताच्या शिरेतून सुरू केलं. चिरा देतो तो हाच हात.

"हात झाकू नकोस. हात लावू नकोस!" थ्रेस्याम्माने त्याच्या बायकोला, मरियक्कुट्टीला, दोनदा दरडावलं.

"अहो, बर्फासारखी बोटं झालीत त्याची!"

"होऊ देत. सांगितलं तेवढं कर."

थ्रेस्याम्मा दर पंधरा मिनिटांनी येऊन सुईची जागा बघत होती. दुपारी दोनला डॉक्टर शहानाने तिला हाकललं. "चेची, दोन घास खाऊन या. तुम्ही आडव्या झालात तर तुम्हाला टाकायला खाट नाही माझ्याकडे."

"तीन नंबर बघा हं."

"बघते. जा!"

पण इतक्यात पाच नंबरचा श्वास अडला आणि शहाना तिकडे धावली. इकडे थ्रेस्याम्माने कप्पा, म्हणजे उकडलेला टॅपिओका, जेमतेम चाखला. माशाचा रस्सा तसाच टाकून ती परत फिरली.

कुंजाच्चनच्या हातावर घडी घातलेलं मुंडू, त्याचं लुंगीसारखं धोतर, होतं. तिने ते ओढून काढलं. हात तेलाने चकाकत होता, चोळण्याने सुई शिरेतून निसटली होती आणि तिच्या वर तळहाताएवढी जागा पांढरीफटक, टणक झाली होती.

"कण्हत होता हो, म्हणून जरा कुळंबू, आपलं औषधी तेल, चोळलं," मरियक्कुट्टी पुटपुटली.

औषध एकदम थांबवलं तर रक्तदाब कोसळणार, चालू ठेवलं तर हात जाणार. ओरडून थ्रेस्याम्माने शहानाला बोलावलं आणि डाव्या हातात नवी सुई घातली. शीर पहिल्याच टोचणीत मिळाली. औषध तिकडून सुरू झालं, मगच उजवीकडचं बंद केलं. जुनी सुई लगेच उपसली नाही. आधी तिच्यातून झिरपलेलं औषध जमेल तेवढं मागे ओढून घेतलं. मग शहानाने पांढऱ्या जागेभोवती उताऱ्याची इंजेक्शनं दिली. त्यानेही रक्तदाब घसरतो, म्हणून थ्रेस्याम्माचा एक डोळा मॉनिटरवर आणि एक हातावर.

चार वाजेपर्यंत ती खाटेभोवती घिरट्या घालत राहिली. हळूहळू कडेने गुलाबी रंग आला. बोटं वाचली. मधे रुपयाएवढा डाग राहिला, त्याचा व्रण होणार होता.

मरियक्कुट्टी रडून रडून थकली होती. "लावू नको म्हणालात," ती म्हणाली. "का ते सांगितलं असतंत, तर मी देवाशप्पथ बोटसुद्धा लावलं नसतं."

हे दरडावणं थ्रेस्याम्माने हजारदा केलं असेल, पण त्यामागचं कारण आजवर कुणा नातेवाइकाला सांगितलं नव्हतं.

ती शहानाच्या टेबलापाशी गेली. अहवालात लिहिलं होतं: नातेवाइकाने सूचना पाळली नाही.

"हे खोडा, डॉक्टर. सिस्टरने कारण सांगितलं नव्हतं, असं लिहा. माझं नाव घाला."

"चेची, कुणी विचारणार नाही हो."

"तिने विचारलं," थ्रेस्याम्मा म्हणाली.