बुटक्या मॉडेलची चाकं लावून पानिपतला

संक्रांतीनंतरच्या रविवारी मोटरसायकलवर पानिपतला जायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता. संक्रांतीच्या दिवशी काला आंबला, म्हणजे तिथल्या युद्धस्मारकाला, महाराष्ट्रातून खूप मंडळी येतात, म्हणून आम्ही गाझियाबादकर मागाहून निवांत जातो. स्मारकापाशी तिळगूळ ठेवायचा, येताना लोणच्याची बरणी आणायची. चालवणार आमचे हे, म्हणजे विनायकराव, आणि मी मागे. पण यंदा यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, मागे बसायला हरकत नाही, चालवायचं मात्र बिल्कुल नाही. झालं! यांनी मोटरसायकल विकायलाच काढली. सोसायटीतले सहा फुटी खन्नासाहेब कधीपासून तिच्यावर डोळा ठेवून होते.

"मी चालवते की," मी म्हटलं. गिअरच्या गाडीचं लायसन्स माझ्याकडे लग्नाआधीपासून आहे.

"अगं, पाय तरी टेकतात का तुझे?"

नव्हते टेकत, खरंय. मी जेमतेम पाच फूट आणि ही डोंगरात न्यायची उंच गाडी. सिग्नलला थांबले की अंगठ्यावर तोल. शेवटी ठरलं असं, की मी यांना पानिपतला नेऊन सुखरूप परत आणलं तर गाडी राहील, नाहीतर खन्नासाहेब. मी "चलो, मंजूर" म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी दिल्लीतला करोलबागचा मोटरसायकलींचा बाजार गाठला.

तिथल्या मेकॅनिक नईमभाईंना बढाया मारायची भारी हौस. "मॅडम, मैंने तो हाथी को भी नीचा किया है," ही सुरुवात. त्यांनी तोडगा सांगितला: त्याच कंपनीच्या एका बुटक्या मॉडेलची लहान चाकं बसवायची. गाडी दीडेक इंच खाली येईल. दीड इंच ऐकून घरी हे हसले. अहो, ब्लाउज शिवणाऱ्या बाईला विचारा दीड इंच म्हणजे काय!

पण हे काम नट उघडा, नट लावा असं नाही. तुम्ही करणार असाल तर अख्खा दिवस हाताशी ठेवा. चाकाच्या मधला दांडा वेगळ्या जाडीचा निघाला, म्हणून लेथवर नवे बुश, म्हणजे दांड्यावरच्या नळ्या, कातून घेतले. चेन सरळ रेषेत आणायला दोनदा खोलाखोल झाली, ब्रेकची चकती हलवावी लागली. विम्यावाल्यांनाही कळवा, मी कळवलं. मग नईमभाईंनी चाक स्टँडवर चढवून फिरवलं. चाक नुसतं डुलत होतं. ते एकेक तार पिळत गेले, फिरवत गेले, डुलणं कमी कमी होत गेलं, आणि शेवटी ते फिरतंय की थांबलंय हेच मला कळेना. अगंबाई! मी चहा विसरले. इतकी वर्षं ज्यावर बसून फिरले, ते चाक म्हणजे काय चीज आहे हे मी त्या दिवशी पाहिलं.

रविवारी धुकं उठल्यावरच निघालो. जानेवारीत घाई करू नका. दिल्लीच्या बाहेरून जाणाऱ्या एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा भोपुरा, वझिराबाद, मुकरबा चौक, सिंघू असंच जावं लागतं. दुचाकीला टोल नाही. रस्ता चकाचक, पण ट्रक शेजारून गेला की गाडी अंगासकट हलते. मी देवाचं नाव घेत होते आणि हे मागे इतके गप्प, की दोनदा विचारलं, "आहात ना?"

मुरथलच्या ढाब्यावर पराठ्यासाठी थांबलो. पांढऱ्या लोण्याचा गोळा, गरम चहा, अंगात जीव आला. दुसरा पराठा मोडते तोच धाडकन आवाज. आमची गाडी आडवी! चाकं लहान झाली तरी साइड स्टँड जुन्याच मापाचं राहिलं होतं. त्यामुळे गाडी तिरकी न राहता जवळजवळ सरळ उभी होती, आणि वाऱ्याच्या झोताने पलीकडे गेली. नईमभाई विसरले, मी विसरले, आम्ही सगळेच शहाणे.

खाटेवरच्या एका म्हाताऱ्या ताऊंनी बाकीच्यांना हाक मारून गाडी उचलायला लावली आणि बघून म्हणाले, "बेटी, टांग लांबी सै इसकी."

इंडिकेटर फुटला होता. मला रडूच आलं. आता हे टेंपोला फोन लावणार, मग घर, मग खन्ना. हे काठी टेकत उठले. पण गेले ते ट्रकच्या वेल्डिंगच्या दुकानाकडे.

"इतना मत काटना, भैया," यांचा आवाज आला. "ज्यादा झुकेगी तो मॅडम से उठेगी नहीं."

स्टँडवर खडूने खूण यांनीच केली.

पुढे गंमत. लहान चाकांमुळे मीटर जास्त पळतं, त्याच्या हिशेबाने पानिपत केव्हाच आलं होतं. हे मागून ओरडले, "मीटर बघू नकोस, पाट्या बघ!" मग बोलायलाच लागले. "मोहरी बघ गं! केवढी पिवळी! इतकी वर्षं इथून जातोय, मला नुसते ट्रकच दिसले." ती मोहरी मी दरवर्षी पाहायची, आणि वाटायचं, आम्ही दोघं पाहतोय.

काला आंबच्या फाटकाशी मी गाडी थांबवली. दोन्ही पाय जमिनीवर टेकले, नुसते अंगठे नाहीत, अर्धी पावलं. हे स्वतःचे स्वतः उतरले. आत पाखरांशिवाय आवाज नव्हता. आपली माणसं दख्खनेतून बायकापोरांसह इथवर आली, याचं दरवर्षी नवल वाटतं. यंदा हात हँडलने बधिर झालेले, पाठ मोडलेली, आणि मी आले होते फक्त गाझियाबादहून! कसे आले असतील हो? मी तिळगूळ ठेवला आणि बराच वेळ तिथून हललेच नाही.

उजेड असेतो घरी पोचलो. खर्च म्हणाल तर चाकांचाच, बाकी पेट्रोल, पराठे, एक इंडिकेटर. गतिरोधकावर आता गाडीचं पोट घासतं, जपून न्यावी लागते. काढलेली चाकं बाल्कनीत आहेत, ती भंगारात द्यायला माझा जीव होत नाही.

मी लोणच्याची बरणी फडताळात ठेवत होते तेव्हा फोन वाजला. खन्नासाहेब. मी तशीच थांबले. यांनी मला विचारलंही नाही.

"नहीं भाईसाहब, आपके घुटने हँडल को लगेंगे," हे म्हणाले. "गाडी अब मॅडम के नाप की है."