पोटातलं दिसेल असं यंत्र

माझं पहिलं मूल मेलेलंच जन्मलं. इस्पितळातून धारवाडात, सप्तापूरच्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत मी रिकाम्या हातानं परत आले. रडू आलं नाही. शेजारच्या कानडी अक्का रोज भाकरी आणि वांग्याची भाजी आणून ठेवायच्या. "ऊटा माडव्वा," जेव गं बाई, म्हणायच्या, नि मी जेवायची. चव कळायची नाही.

हे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. अशा वेळी बायकोशी काय बोलावं हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून जे ठाऊक होतं तेच बोलायचे. संध्याकाळी पायरीवर बसून सांगायचे, चिमूटभर खडूच्या भुकटीत एवढी शक्ती कोंडलेली आहे, की ती सोडवता आली तर हुबळी-धारवाडचे दिवे वर्षानुवर्षं जळतील. चुली जातील, धूर जाईल. मी नुसतं हूं म्हणायची.

एकदा मधेच विचारलं, "पोटातलं मूल दिसेल, असं काही निघेल का हो?"

त्यांनी चुलींचं बोलणं तिथंच सोडलं. मग हळूहळू म्हणाले, "निघेल. जहाजावरून पाण्यात आवाज सोडतात. तो तळाला आपटून परत येतो, त्यावरून खोली कळते. लाटांचं गणित सगळीकडे सारखंच. शरीरालाही ते लागू पडायला हवं."

"कधी?"

"आपल्या हयातीत. बघ तू."

मी उठून कंदिलाची काच पुसायला घेतली.

पुढं हुबळीत, दुर्गदबैलाच्या बाजारपेठेजवळ, त्यांचं उद्याच्या विज्ञानावर व्याख्यान झालं. मी बायकांच्या बाजूला बसले होते. समोर बहुतेक कापडवाले, भुसारवाले. बिनधुराच्या चुलीला टाळ्या पडल्या. मग ह्यांनी पोटातलं मूल दाखवणाऱ्या यंत्राचं सांगितलं. मागून कोणीतरी ओरडलं, "मास्तर, मग सुइणींनी काय करायचं?"

सगळे हसले. हे पाणी प्यायले आणि पुढं बोलू लागले.

परतीच्या गाडीत आमच्या डब्यात फारसं कोणी नव्हतं. त्यांनी विचारलं, "मी ते तिथं बोललो, तुला वाईट वाटलं?"

"नाही." खरंच वाटलं नव्हतं.

"हसले ते."

"हसू देत की."

तेव्हा ते रडले, तोंडावर हात धरून, आवाज न करता. मी पदराचं टोक पुढं केलं आणि बाहेर नवलूरच्या पेरूच्या बागा जात होत्या त्या बघत राहिले.

माझं रडू बऱ्याच महिन्यांनी आलं. कोथिंबीर निवडत होते. कोणी काही बोललंसुद्धा नव्हतं.