भारीतलं पेट्रोल आणि सविताची व्हॅन

“मावशी, जय भीम. आज भारीतलंच टाका. साधं नको.”

सविताने तिची शाळेची व्हॅन माझ्या मशीनला लावली आणि खिडकीतून हात काढून प्रीमियमच्या नोझलकडे बोट दाखवलं. सकाळची फेरी संपवून, मुलं शाळेत सोडून ती आली होती. मुलं आत असताना ती पेट्रोल भरायला येत नाही. आली तरी मी भरणार नाही.

“जय भीम. भारीतलं कशाला?” मी म्हटलं. “तुझी गाडी चालते गॅसवर. पेट्रोल लागतं सकाळी चालू करायला. त्याला भारीतलं काय आणि साधं काय?”

“तुम्ही टाका हो. मला फरक पडतो.”

मी झिरो दाखवला आणि टाकलं. ती गेल्यावर मॅनेजरांनी केबिनमधून हाक मारली.

मी नाशिकला अंबडच्या बाजूला एका पंपावर फिलर आहे. फिलर म्हणजे गाडीत पेट्रोल भरणारी. शिक्षण चौथी. कामाला लागले तेव्हा बाई पेट्रोल भरते म्हणून लोक खाली उतरून बघायचे. आता बघत नाहीत. फोनवर बोलत बोलत टाकीचं झाकण उघडतात आणि वर “आजी, लवकर” म्हणतात.

आमचे मॅनेजर देवरेसाहेब देवळ्याचे. माणूस बरा आहे, पण प्रीमियम खपवायचं टार्गेट त्यांच्या डोक्यावर असतं आणि ते टार्गेट आमच्या डोक्यावर उतरतं. गाडी आली की आधी “प्रीमियम टाकू का?” असं विचारायचं, असा आमच्याकडे नियम आहे. घाईतला माणूस नुसती मान हलवतो. मग प्रीमियम जातं.

“मावशी, गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने प्रीमियम मागतंय आणि तुम्ही वाद घालता?”

“वाद नाही घातला. कशाला, असं विचारलं.”

“उपयोग होत नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सगळेच म्हणतात.”

“उपयोग होतो, असंही सगळेच म्हणतात.”

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. इतकी वर्षं दोन्ही नोझल हातात धरली, पण मला स्वतःला काय माहीत होतं? वास सारखा. भारीतलं महाग, एवढं माहीत होतं. ते तर बोर्डावरच लिहिलेलं असतं.

“मग तुम्ही सांगा,” मी म्हटलं. “तुम्ही ट्रेनिंग घेतलंय.”

साहेबांनी चहा मागवला. मग त्यांनी टेबलावरची पाण्याची बाटली दाबून दाखवली. “इंजिनात पेट्रोल आणि हवा एकत्र अशी दाबतात. मग प्लगची ठिणगी पडते आणि ते पेटतं. काही गाड्यांचं इंजिन फार जोरात दाबतं. तिथे कमी प्रतीचं पेट्रोल ठिणगीची वाट न बघता आधीच पेटतं. मग इंजिन टकटक वाजतं, खराब होतं. दाब सोसून थांबायची जी ताकद, तिला ऑक्टेन म्हणतात. प्रीमियममध्ये ते जास्त.”

“म्हणजे जोर जास्त नाही. धीर जास्त.”

“तसंच. शिवाय इंजिन साफ ठेवायचं औषध थोडं जास्त असतं. साध्यातही असतंच.”

“मग साध्या गाडीला फायदा काय?”

“गाडीच्या पुस्तकात कंपनीने लिहिलेलं असतं, कोणतं घालायचं. महागड्या, जास्त दाबाच्या गाड्यांना हे लागतं.”

“मी साध्या गाडीचं विचारलं.”

“नुकसान काही नाही.”

“फायदा?”

“मावशी, नुकसान नाही म्हटलं ना!”

मला उत्तर मिळालं होतं. पण सविताचं कोडं काही सुटेना. ती खुळी बाई नाही. नवऱ्याची नोकरी गेल्यावर तिने परवाना काढला, जुनी व्हॅन घेतली आणि शाळेची मुलं ने-आण करायला लागली. फुकट पैसे उडवणाऱ्यांतली नाही. ती फरक पडतो म्हणते, तर काहीतरी पडत असणार.

मनाचे खेळ मी पुष्कळ पाहिलेत. दसऱ्याला आमच्या प्रीमियमच्या नोझलला रांग लागते. पोळ्याला बैलाला पुरणपोळी, तशी दसऱ्याला स्कूटरला भारीतलं. हँडलला झेंडूची माळ, पुढच्या चाकाला हळदकुंकू आणि टाकीत प्रीमियम. दुसऱ्या दिवशी तीच माणसं सांगतात, “आजी, गाडी काय पळतेय!” मला वाटलं, सविताचंही तसंच असेल.

पुढच्या वेळी ती आली आणि गाडी बाजूला लावून हवेच्या मशीनजवळच्या कट्ट्यावर बसली. तोंड उतरलेलं.

“काय झालं गं?”

“मावशी, रूट जातोय माझा.”

शाळा टेकडीवर आहे. शेवटचा चढ अवघड. महिनाभरापासून तिची व्हॅन त्या चढावर दम तोडत होती. त्या आठवड्यात तर मधेच थांबली आणि मुलांना दप्तरं घेऊन चढ चालत जावं लागलं. मागून येणाऱ्या एका पालकाने व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला. शाळेच्या सुपरवायझरने सांगितलं, पालकसभेपर्यंत गाडी सुधारा, नाहीतर रूट दुसऱ्या व्हॅनला देऊ.

“मुलं चालली तेव्हा टाकीत काय होतं?”

“साधं. तेच तर सांगते. भारीतलं टाकलं त्या दिवशी गाडी चढते. साधं टाकलं की नाही चढत. मी दोन-चारदा करून बघितलंय. पण रोज भारीतलं टाकलं तर माझ्या हातात काही उरणार नाही, आणि नाही टाकलं तर रूट जातो. काय करू?”

दसऱ्याचा माणूस गाडी पळते असं नुसतं म्हणतो. हिची गाडी खरंच चढत होती आणि खरंच थांबत होती. मुलं रस्त्यावर उतरली होती, तो मनाचा खेळ नव्हे. पण साहेब म्हणाले तेही पटलं होतं. दोन्ही खरं कसं असेल?

“रविवारी मला सुट्टी आहे,” मी म्हटलं. “आपण चढ चढून बघू.”

“रिकामी गाडी कशीही चढते, मावशी. मुलांएवढं वजन पाहिजे.”

“तुमच्या कॉलनीत बायका नाहीत का?”

रविवारी व्हॅन भरून बायका निघाल्या. सविताची सासू पुढे माझ्या शेजारी डबा घेऊन बसली. त्यात पोहे होते. “कुठे न्यायची ते सांगितलंच नाही,” ती म्हणाली. “नुसतं म्हणाली, वजन पाहिजे. म्हटलं, ते आमच्याकडे पुष्कळ आहे.”

आदल्या दिवशी सविताने भारीतलं भरलं होतं. चढ आला. गाडी जराशी कुरकुरली आणि वर गेली. मागच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

“बघा!” सविता म्हणाली. “साध्यावर हिने इथेच मान टाकली असती.”

मी गाडीत बसून इंजिन ऐकत नव्हते. मला इंजिनातलं काही कळत नाही. मी तिचे हात बघत होते, कारण मला दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं. डॅशबोर्डवर एक छोटं बटण होतं आणि त्यात लाल दिवा लागलेला होता.

“हा दिवा कसला?”

“पेट्रोलचा. गॅसवर असली की हिरवा लागतो.”

“म्हणजे आता गाडी पेट्रोलवर आहे?”

“हो. भारीतलं टाकलं की मी बटण दाबून पेट्रोलवर घेते. गॅसवर ठेवलं तर ते टाकीतच पडून राहील ना. मग एवढं महागाचं टाकून काय उपयोग?”

“आणि साधं टाकतेस तेव्हा?”

“तेव्हा कशाला दाबू? साधं नुसतं चालू करण्यापुरतं. गाडी गरम झाली की आपोआप गॅसवर जाते. गॅस स्वस्त पडतो.”

सविताने माझ्याकडे पाहिलं, मग त्या बटणाकडे पाहिलं.

“मावशी, म्हणजे मी…”

“गाडी खाली घे,” मी म्हटलं. “टाकीतलं भारीतलं तसंच राहू दे. बटण दाबून गॅसवर कर आणि परत चढव.”

खाली येऊन तिने गॅसवर घेतली. हिरवा दिवा लागला. निम्म्या चढावर गाडी हिसके द्यायला लागली. सविताने पहिला गिअर टाकला. गाडी थरथरली आणि बंद पडली. सविताने हँडब्रेक ओढला.

“उतरा आता,” मागून कोणीतरी म्हणालं.

“मी नाही उतरणार,” सासू म्हणाली. “वजन म्हणून आणलंय ना मला? वजन कधी स्वतः उतरतं का?”

सविताने बटण दाबलं, लाल दिवा लावला, गाडी चालू केली आणि बायकांसकट वर नेली.

टाकीत तेच भारीतलं होतं. गाडी तीच, चढ तोच, बायकाही त्याच. फरक होता तो पेट्रोल आणि गॅसमध्ये. साध्या पेट्रोलने ती चढ कधी चढलीच नव्हती, कारण साधं पेट्रोल तिने चढावर इंजिनाला कधी दिलंच नव्हतं.

“अजून साध्याचं बघायचं राहिलंय,” मी म्हटलं. वर शाळेच्या फाटकापाशी आम्ही पोहे खाल्ले.

दोन-तीन दिवस तिने गाडी पेट्रोलवरच फिरवली. टाकी तळाला आल्यावर मी साधं भरलं. थोडं जुनं तळाशी राहिलंच असेल, ते काही मी पुसून काढू शकत नव्हते. मग पुन्हा बायका आणि पुन्हा चढ. लाल दिवा. गाडी वर गेली, आधीसारखीच कुरकुरत.

“भारीतल्यावर जरा मऊ चालत होती,” सविता म्हणाली.

“असेल. पण चढली की नाही?”

“चढली.”

मऊ चालत होती की नव्हती, ते मला सांगता येणार नाही. मला तर बुडाखालची सीटच तेवढी कळत होती.

पण रोज पेट्रोलवर गाडी चालवणंही तिला परवडणारं नव्हतं. गॅसवर गाडी थोडी कमी ओढते हे सगळे ड्रायव्हर सांगतात, पण चढावर बंद पडण्याएवढी कमी नाही. गेल्या वर्षी हीच गाडी, हीच मुलं, हाच चढ, गॅसवर चढत होती. म्हणजे खोट दुसरीकडे होती.

आम्ही गाडी रफिकभाईकडे नेली. अंबडला त्याचं छोटं गॅरेज आहे. त्याने एक प्लग काढून सविताच्या तळहातावर ठेवला. टोक झिजून गोल झालं होतं. एअर फिल्टर काढून झटकला तर काळी धूळ उडाली.

“गॅस पेटायला ठिणगी जोरदार लागते,” तो म्हणाला. “पेट्रोल मेल्या प्लगवरसुद्धा कसंबसं पेटतं. गॅस नाही पेटत. हे कधी बदललं होतं?”

“बदलायचं असतं?” सविता म्हणाली.

“नाही, लोणचं घालायचं असतं.”

“गाडी बंद पडत होती तर आधी यायचं ना तुझ्याकडे,” मी सविताला म्हटलं.

“आले असते. पण भारीतलं टाकलं की बरी होत होती. मला वाटलं, रोग पेट्रोलचाच आहे.”

प्लग आणि फिल्टर नवे घातले, गॅसची सेटिंग केली. तिसऱ्यांदा बायका भरल्या. सासूने या वेळी डबा आणला नाही. म्हणाली, “पोरीची गाडी चढत नव्हती तोवर पोहे. आता चढणार, म्हणून बंद.” हिरव्या दिव्यावर गाडी थेट वर गेली.

मी सगळं देवरेसाहेबांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. “आता तुम्ही हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत बसणार.”

“कोणी विचारलं तर सांगेन.”

“आणि ‘प्रीमियम टाकू का?’ हे विचारणार की नाही?”

“विचारीन. तो नियम आहे. पण त्यांनी ‘फायदा आहे का?’ असं विचारलं, तर ‘गाडीच्या पुस्तकात लिहिलं असेल तर टाका, नाहीतर साधं पुरे’ असं म्हणणार.”

साहेबांनी विचार केला. “विचारलं तर,” ते म्हणाले. “आपणहून नाही.”

“आपणहून नाही.”

आमचं तेवढ्यावर ठरलं. खरं सांगायचं तर फारसं कोणी विचारत नाही.

पालकसभा झाली. सुपरवायझर स्वतः मुलांबरोबर व्हॅनमध्ये बसून वर गेला होता, म्हणून सविताला बोलायला फार काही उरलं नव्हतं. ज्या पालकाने व्हिडिओ काढला होता त्याने विचारलं, “कोणतं पेट्रोल टाकता आता?” सविता म्हणाली, “साधं. आणि तेही थोडंच. गाडी गॅसवर आहे.” त्याला ते पटलं नाही. तो म्हणाला, “मॅडम, मुलांच्या गाडीत तरी चांगलं टाकत जा.” बाकीच्या पालकांनी माना डोलावल्या. सुपरवायझरही म्हणाला, बघा जमलं तर.

रूट सविताकडेच राहिला. संध्याकाळी ती पंपावर येऊन हे सांगत होती, तेव्हा चिडली होती.

“मग काय म्हणालीस तू?”

“म्हटलं, बघते.”

“आणि?”

“आणि काय! पुढचे प्लग बदलायची तारीख विचारून आले रफिकभाईला.”

औषध घेतलं आणि त्याच दिवशी जेवणही बदललं, तर गुण कशाचा आला ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

आणि इंजिन कुरकुरायला लागलं तर आधी गॅरेजला जावं. पंपावर आम्ही फक्त भरून देतो.