साबण फॅक्टरीवरून डावीकडे

करोंदिया औद्योगिक क्षेत्रात कारखाने एकशे बारा, आणि पत्ता सांगणारं तोंड एकच : गेटावरचे जयसिंगराव फणसे. प्लॉटला नंबर आहेत, नाहीत असं नाही. पण ज्याचा अर्ज जसा आला तसा नंबर वाटलेला. त्यामुळे सातच्या शेजारी एक्क्याण्णव, आणि आठ नंबर कुठे, तर पार पाण्याच्या टाकीमागे. बेटमा रोडवरून ट्रक आत वळला की ड्रायव्हर काच खाली करणार, "भिया, इकहत्तर नंबर?" आणि जयसिंगराव खुर्चीतून न उठता हात उडवणार, "सीधे जाओ, नीम पे राइट, चाय की गुमटी से उल्टे हाथ."

सव्वीस वर्षं हे असंच चाललेलं. त्यांचे आजोबा होळकरांच्या वेळी नाक्यावर शिपाई होते. ते सांगताना जयसिंगरावांचा हात हटकून मिशीवर जायचा. "नाका आमच्या रक्तात आहे हो!"

मार्चपासून तो हात मिशीवर गेलेला नाही.

मार्चमध्ये एका सकाळी अकराच्या सुमारास रंगाच्या कारखान्यातला बॉयलरवाला बंडू छाती धरून खाली बसला. हा बंडू रोज गेटातून शिरताना सॅल्यूट ठोकायचा, "काय सरकार, आज तोफ उडवणार का?" आणि जयसिंगराव म्हणायचे, "तुझ्यावरच उडवतो, थांब." त्या दिवशी फोन जयसिंगरावांनीच लावला, पत्ता दुसऱ्या कुणाला नीट सांगता येणार होता? अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला त्यांनी ठणठणीत आवाजात सांगितलं, "बेटमा रोड, करोंदिया. अंदर आके साबुन फैक्ट्री से लेफ्ट, आख़िरी शेड." आणि गेट सोडून ते बंडूकडे धावले.

साबण फॅक्टरी बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. तिथे आता पाइपांचं गोदाम आहे, पाटीही पाइपांचीच. करोंदियाच्या लोकांच्या तोंडी मात्र अजून साबणच. ड्रायव्हर बाहेरचा. तो साबण शोधत राहिला, आणि विचारावं तर रस्त्यावर कुणी नाही, गेटावरची खुर्चीही रिकामी. पस्तीस मिनिटं सायरन ऐकू येत होता, कधी जवळ, कधी लांब. बंडूचं डोकं जयसिंगरावांच्या मांडीवर होतं.

"येतेय रे, आलीच."

"सरकार," बंडू पुटपुटला, "रस्ता चुकली वाटतं."

त्यानंतर तो काही बोलला नाही.

तेराव्याला जयसिंगरावांनी बंडूच्या बायकोला, अमिताला, शब्द दिला. "दिवाळीच्या आत बोर्ड लागतील. गेटावर मोठा, आत बाण. कुणाला काही विचारावंच लागणार नाही." फोनवर आपण काय सांगितलं होतं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. अमिताला त्याच कारखान्यात पॅकिंगमध्ये घेतलं. रोज सकाळी ती गेटातून आत जायची आणि जयसिंगराव रजिस्टरमध्ये डोकं घालायचे.

असोसिएशनचा अध्यक्ष विपुल, वय चौतीस, खोक्यांचा कारखाना. तो म्हणाला होता, "काका, परमिशन कशाला? रातोरात ठोकून टाकू." पण मागे असाच ठोकलेला फ्लेक्स दोन दिवसांत उचलून नेला होता; रस्त्याकडेची जमीन सरकारी. म्हणून रीतसर अर्ज. चार बोर्ड, उंची इतकी, रस्त्यापासून अंतर इतकं, जागेचे फोटो. नकाशा जयसिंगरावांनी ग्राफ पेपरवर स्वतः काढला. चार रविवार खपून. कडुनिंबसुद्धा दाखवला.

सरकारी कार्यालयातली ही सहावी खेप होती. ज्युनिअर इंजिनिअर ईशा मॅडमनी पंखा त्यांच्याकडे वळवला.

"बसा काका. पाणी घ्या आधी."

"आज सही होणार ना, मॅडम?"

ईशाने टेबलावर दोन कागद पसरले. "हा तुमचा नक्शा. हा आमचा, मंजूर झालेला, पहिल्या दिवसाचा. तुमच्यावर गेट दाखवा."

"हे काय. बेटमा रोडवर."

"आता आमच्यावर दाखवा."

जयसिंगरावांचं बोट रस्त्यावरून सरकत आलं आणि थांबलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "इथे तर... झाडं काढलीत."

"ग्रीन बेल्ट आहे तो. गेट मागे आहे. नाल्याकडे."

"नाल्याकडे? तिकडे रस्ताच नाही!"

"पूल होणार होता. झाला नाही. म्हणून सुरुवातीच्या लोकांनी इकडून कुंपणाची तार तोडली असणार, तेवढ्यापुरती. मग गेट बसवलं. मग तुमची केबिन."

"मग मी सव्वीस वर्षं बसलोय कुठे?"

"झाडांत," ईशाच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने जीभ चावली. "सॉरी काका."

जयसिंगराव हसले नाहीत. त्यांच्या तळहाताचा घाम ग्राफ पेपरवर उमटला होता.

"ऐका," ईशा खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाली. "फाइल अजून माझ्याकडेच आहे. शुक्रवारी वर जाते. वर गेली की साइट इन्स्पेक्शन, आणि इन्स्पेक्शन झालं की गेट बंद करायची नोटीस. मग माझ्या हातात काही राहत नाही. त्याच्या आधी अर्ज मागे घ्या. दोन ओळी लिहायच्या, बस."

"आणि बोर्ड?"

"लेआउट बदलायचा प्रस्ताव टाका. दोन वर्षं, तीन वर्षं..."

"तोवर कुणाच्या छातीत दुखायचं नाही, असा पण एक बोर्ड लावू का?"

तिने आपल्या नकाशावर नाल्याकडे बोट ठेवलं. मग म्हणाली, "मागच्या गेटावर पाहिजे असेल तर आत्ता सही करते."

"म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्स नाल्यात घालू?" जयसिंगराव उभे राहिले. मग त्यांचा आवाज खाली आला आणि दोन्ही हात जुळले. या माणसाने आजवर सलाम घेतले होते, हात कुणापुढे जोडले नव्हते. "मॅडम, मुलीसारख्या आहात तुम्ही. बाहेरचा राहू द्या. आतले तीन बाण तरी द्या. फक्त बाण."

"हात नका जोडू हो, काका." तिने नजर चुकवली. "बाण सुरू कुठून होतात? गेटापासूनच ना."

परतीच्या बसमध्येच विपुलचा फोन आला; जयसिंगरावांनी सगळं सांगितलं, तसा तो उसळला. "काका, गजब करते हो यार! बोर्ड मागायला गेलात आणि गेट घालवून येणार? एकशे बारा जणांचे ट्रक काय हेलिकॉप्टरने उतरवू? उद्याच्या उद्या लिहून द्या."

"मी शब्द दिलाय, विपुल."

"मग शब्दावर चढवा माल!" त्याने फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जयसिंगराव रंगाच्या कारखान्यामागे गेले. अमिता एकटीच डबा उघडून बसली होती.

"झाली सही?"

त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. झाडं, नाला, शुक्रवार. ती हातातला घास तसाच धरून ऐकत राहिली.

"म्हणजे आपलं गेट नाहीच?"

"कागदावर नाही."

"एकोणीस वर्षं हे त्या नसलेल्या गेटातून कामाला आले." ती हसली, आणि ते हसू मध्येच कुठेतरी मोडलं. "घ्या मागे अर्ज."

"अगं, मी तुला..."

"गेट बुजवलं तर गाडी येणार कुठून? आपले बोर्ड वाचायला?" तिने घास डब्यात ठेवला. "काका, एक विचारू? त्या दिवशी फोनवर तुम्ही काय सांगितलं होतं?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणी विचारत होतं. जयसिंगरावांनी भिंतीला हात टेकवला.

"साबण फॅक्टरीवरून डावीकडे."

अमिताने डब्याचं झाकण लावलं. ती ओरडेल, डबा भिरकावेल, असं त्यांना वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मीपण तेच सांगितलं असतं," ती म्हणाली. "आम्ही सगळे तेच म्हणतो."

शुक्रवारी त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या. ईशाने त्यांचा ग्राफ पेपर घडी न पाडता परत दिला.

शनिवारी दुपारी दोनला पाळी सुटली, तेव्हा गेट अर्धंच उघडं होतं आणि त्या फटीत जयसिंगराव उभे. "बोलल्याशिवाय बाहेर सोडणार नाही. अ‍ॅम्ब्युलन्स बुलाई है, पता बताओ!"

"काका सटक गए," मागून कुणीतरी म्हणालं. हसणं झालं. पहिला पुढे आला. "बेटमा रोड, करोंदिया, साबुन फैक्ट्री से..."

"गलत! साबुन कहाँ है? दिखता है? फिर से!"

दुसराही साबण. तिसऱ्याने कडुनिंब सांगितला. बाहेरच्या ड्रायव्हरला तो कोणता कळणार? चौथा पुन्हा साबण. जयसिंगरावांचा आवाज बसला, कपाळावरची शीर उठून आली. लोकांचं हसणं थांबलं होतं. कुणी घड्याळ बघत नव्हतं.

सातवी अमिता होती. पदर खोचून ती समोर उभी राहिली.

"बेटमा रोड. करोंदिया. हिरवं लोखंडी गेट. आत सरळ. निळ्या पाइपांचं गोदाम..." इथे ती अडली. इथूनच ती गाडी सरळ निघून गेली होती. तिने डावा हात उचलला. "तिथून डावीकडे. शेवटची शेड."

जयसिंगराव बाजूला झाले. ती बाहेर पडली, पण गेली नाही. गेटाबाहेर वळून उभी राहिली.

तिच्या मागचा पुढे आला. हातातली पिशवी त्याने खाली ठेवली, डोळे मिटून सुरू केलं, "बेटमा रोड, करोंदिया, हरा गेट, अंदर सीधे, साबुन..."

"पुन्हा," जयसिंगराव म्हणाले.