दुमडलेल्या पट्टीतला उजेड

वर्तमानपत्राच्या कडेची कोरी पट्टी दिसली की बाईंचा हात आधी बांगडीकडे जायचा. बांगडीला सेफ्टी पिन अडकवलेली असायची. पट्टीवर सारख्या अंतरावर शून्यापासून तीसपर्यंत आकडे लिहायचे, मूळ संख्यांवर पिनेने भोकं पाडायची, पट्टी बरोबर मधोमध दुमडायची आणि खिडकीसमोर धरायची. "बघा, सर. दिसतो काय उजेड?"

दिसायचा. सातावर तेवीस यायचा, अकरावर एकोणीस, तेरावर सतरा. भोकावर भोक आलं, म्हणजे त्या दोन मूळ संख्यांची बेरीज तीस. चारपासून पुढची कुठलीही सम संख्या घ्या, तेवढी पट्टी करा, एका तरी ठिकाणी उजेड दिसतोच. पण तो दर वेळी दिसणारच, हे जगात अजून कोणाला सिद्ध करता आलेलं नाही. रोह्याच्या आमच्या शाळेत गणित शिकवायला रोज पेणहून एसटीने येणाऱ्या या बाई ते सिद्ध करायला बसल्या होत्या.

आता तुम्हीच सांगा, मला काय वाटलं असेल? मीही गणिताचाच. मुंबईहून एम.एस्सी. होऊन आलेलो, रोह्याजवळच वरसेला शांत घर, संध्याकाळ सगळी माझी. बाईंच्या घरी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, दोन मुली, वर एसटीची दगदग. तरी सुचायचं ते त्यांना. मला त्यांचा हेवा वाटायचा. अगदी जळायचो म्हणा ना.

एकदा त्यांनी सरासरी धरली. पट्टी वाढेल तशी भोकं विरळ होतात, पण पट्टीच लांब होत असल्याने उजेडाच्या जागा एकंदरीत वाढतच जातात. मी म्हणालो, मग झालंच की. त्यावर त्या म्हणाल्या की तालुक्यात भात भरपूर पिकलं तरी एखाद्याचं शेत रिकामं राहतंच, आणि आपल्याला एकही अंधारी पट्टी चालणार नाही.

मग चाळणी आली. दोनाच्या पटी गाळा, तिनाच्या गाळा, पाचाच्या गाळा, उरतील त्या मूळ संख्या. पण दूरवर गेलं की मूळ संख्येबरोबर दोन मूळ संख्यांचा गुणाकारही मागे उरतो, आणि चाळणीला दोन्ही सारखेच. त्या चाळणीत बाईंची काही वर्षं गेली.

वाट बंद झाली की दुसऱ्या दिवशी त्या पोह्याचे पापड तळून आणायच्या. डबा फिरवत सांगायच्या, "नाय जमलं. पण कुठं अडलं ते सापडलं." शिक्षक-खोलीत निम्म्यांना मूळ संख्या म्हणजे काय ते आठवत नव्हतं, पण बाईंचं गणित कधी चुकतंय याची सगळे वाट बघायचे. मी पापड खायचो आणि मनात म्हणायचो, हरल्यावर एवढा आनंद होतो कसा या बाईला?

घरी मीही गुपचूप त्याच गणिताच्या मागे लागलो. बायको विचारायची, बाईंचं सुटलं का हो? माझं सुटलं का, हे तिने कधी विचारलं नाही. मला तरी ते कुठे सोडवायचं होतं? बाईंनी एकदा म्हणावं, सर, हे मला सुचलं नव्हतं. बस, तेवढंच हवं होतं.

आणि एकदा सुचलं. एक पट्टी अंधारी आहे असं धरायचं, तिच्याकडे न बघता शेजारच्या पट्ट्यांकडे बघायचं, आणि त्या उजळायला लागल्या की हिला अंधारी राहताच येणार नाही असं दाखवायचं. शाळा सुटल्यावर एसटी स्टँडच्या बाकावर मी बाईंना ते मांडून दाखवलं. पेणची गाडी आली आणि निघून गेली. बाई उठल्या नाहीत.

सकाळी आल्या त्या डबा घेऊनच. शेजारच्या पट्ट्या उजळल्या म्हणून या पट्टीवर काही बंधन येत नाही, ते मी नुसतं धरून चाललो होतो, हे त्यांनी मला नीट दाखवलं. चूक तुमची, खरं तर पापड तुम्हीच आणायचेत, असंही म्हणाल्या. मग डबा पुढे करून साध्या आवाजात म्हणाल्या, "काल झोप नाय लागली, सर. तुमचा हेवा वाटला. हे मला का नाय सुचलं?"

हवं होतं ते मिळालं. पण मी जी गोष्ट इतकी वर्षं दातांखाली धरून बसलो होतो, ती एका रात्रीत बाई बोलून मोकळ्या झाल्या होत्या. 'मलाही वाटतो' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, पापड छान झालेत.

निवृत्तीनंतर बाई फार दिवस जगल्या नाहीत. कळल्यावर पेणला गेलो. त्यांचे यजमान कारखान्यात एका मूर्तीचा शेला रंगवत होते. मागच्या खिडकीच्या गजाला वर्तमानपत्राची एक दुमडलेली पट्टी अजून खोचलेली होती. शेवटी तोंडातून निघालं, "मला बाईंचा फार हेवा वाटायचा."

त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला. माझ्याकडे न बघता खिडकीतल्या पट्टीकडे बघत राहिले.

"मला पण," ते म्हणाले.